पेरिगो कॉलेजला ऑर्गनवाली हवी

ज्याला डॉक्टर व्हायचं आहे, त्याने ही गोष्ट सर्वांत आधी डॉक्टर घडवणाऱ्या संस्थेपासून लपवून ठेवावी. हा नियम कुठेही छापलेला नाही. छापला असता तर मी नक्की वाचला असता; मी अक्षरं शिकले छप्पन्नाव्या वर्षी, आणि तेव्हापासून छापलेलं काहीही सोडत नाही, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा. (तो वाचू नये, असं माझं आता मत झालं आहे.)

माझी नात ओडील सात वर्षांची असल्यापासून डॉक्टर होणार आहे. आमचं सेंट बेनोआ गाव अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला. नदी ओलांडली की कॅनडा. गावात चर्च आहे, बटाट्याची कोठारं आहेत, रोलांडबाईचं हॉटेल आहे, आणि डॉक्टर गुरुवारी आहे. बर्फ फार पडलं तर पुढच्या गुरुवारी. त्यामुळे गावाला आजारपणाची उत्तम शिस्त लागली आहे. शुक्रवारी सहसा कोणी आजारी पडत नाही, आणि पडलाच तर शेजारीपाजारी त्याच्या घाईला नावं ठेवतात.

मधल्या दिवसांत लोक ओडीलकडे येतात. "मी शाळेत आहे, मला काही कळत नाही," असं ती प्रत्येकाला आधी सांगते. तरी येतात.

"त्या गुरुवारच्यालाही काही कळत नाही," रोलांड म्हणते. "पण तो सांगत नाही. ही पोर निदान खरं बोलते."

पोरीचा हाच दोष पुढे आमच्या आड आला.

आमच्याकडे डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं एखाद्या कॉलेजात काढावी लागतात, आणि त्यानंतर वैद्यकीय कॉलेजच्या दारात उभं राहावं लागतं. ते दार उघडेल अशी वर्तणूक या चार वर्षांत ठेवायची. ओडीलने निवडलं पेरिगो कॉलेज. हे मुलींचं कॉलेज. मुलींना कुठेच शिकू देत नसत त्या काळी टेंपरन्स पेरिगो नावाच्या बाईंनी ते काढलं. आता मुलींना सगळीकडे शिकू देतात, म्हणून ती उणीव पेरिगो भरून काढतं: अर्ज करणाऱ्या दर सात मुलींमागे सहा जणींना ते घरी बसवतं. त्याची कीर्ती आहे ती यामुळेच.

अर्ज करण्याआधी कॉलेजबद्दलची ओढ सिद्ध करावी लागते. ओढ मोजण्याची सोय कॉलेजने केलेली आहे. त्यांची ईमेलं आपण उघडली का, कितीदा उघडली, शेवटपर्यंत वाचली का, याची तिकडे नोंद होते म्हणतात. ओडीलला अभ्यास असे, म्हणून ती ओढ मी दाखवली. रोज सकाळी कॉफी घेऊन मी तिचा संगणक उघडत असे आणि पेरिगोच्या तळ्यावरच्या बदकांची माहिती मनापासून वाचत असे. वर्षाअखेरीस त्या कॉलेजवर माझ्याइतकं प्रेम करणारी दुसरी कोणी व्यक्ती या देशात उरली नसावी.

मग प्रत्यक्ष भेट. सात तास गाडी हाकून आम्ही पोचलो. कॉलेज दाखवायला एक तरतरीत विद्यार्थिनी आली आणि आमच्याकडे तोंड करून उलटी चालायला लागली. चार इमारती, दोन जिने आणि एक पूल ती पोरगी उलटी चालत गेली, एकदाही अडखळली नाही. पुढे काय आहे ते स्वतः न बघता दुसऱ्याला खात्रीने सांगत राहणं, याहून मोठं शिक्षण कोणतं? तिने आम्हाला तळं दाखवलं. पहिल्या वर्षाच्या मुली दर शरदात तिथे कागदी होड्यांत मेणबत्त्या लावून सोडतात. जिची होडी पलीकडे पहिली पोचेल, तिचं लग्न आधी होणार, असं पूर्वी मानत. ते मागासलेलं वाटल्यामुळे आता ती मुलगी सगळ्यांत आधी स्वतःची कंपनी काढणार, असं मानतात. (तळ्याला हा बदल कळवलेला नाही.)

शेवटी आम्हाला एका खोलीत नेलं. दारावर ‘वैद्यकपूर्व मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी होती. आतल्या बाईंचा आवाज इतका मऊ होता, की वाईट बातमी ऐकायला त्यांच्याकडेच यावं.

"आमच्या सत्त्याण्णव टक्के मुलींना वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळतो," त्या म्हणाल्या.

ओडीलने माझा हात दाबला. मी बाजारात वाढलेली बाई, मी विचारलं, "किती जणींपैकी?"

"मागच्या वर्षी तेहेतीस जणींनी अर्ज केले, बत्तीस जणींना प्रवेश मिळाला."

"आणि पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणून येतात किती?"

"साधारण दोनशे."

"मग बाकीच्या?"

"त्यांना त्यांचा खरा ओढा सापडतो."

"कधी सापडतो?"

"बहुतेक जणींना दुसऱ्या वर्षी," बाई हसून म्हणाल्या. "सेंद्रिय रसायनाच्या पहिल्या परीक्षेचा निकाल लागतो ना, त्या मंगळवारी."

तरीही जिला ओढा सापडत नाही, तिला कक्षाचं शिफारसपत्र मिळत नाही. पत्राशिवाय अर्ज करायचा नाही. आणि जिने अर्जच केला नाही ती नापास कशी होणार? वैद्यकशास्त्राने आजवर पुष्कळ प्रगती केली, पण रोग्याऐवजी आकडा बरा करण्याची ही पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला तिचा आदर वाटला.

परतीच्या वाटेवर ओडील सत्त्याण्णव टक्क्यांचा हिशेब बोटांवर पुन्हा करत होती. शेवटी म्हणाली, "मेमेर," (आमच्या फ्रेंच घरांत आजीला मेमेर म्हणतात) "रसायनाला मी घाबरत नाही. पण एका परीक्षेत घसरले तर ते मला अर्जच करू देणार नाहीत. मग गुरुवारच आहे आयुष्यभर."

गावी आल्यावर आम्ही स्प्रेग सरांना गाठलं. शाळेत पुढच्या शिक्षणाचा सल्ला तेच देतात आणि बर्फावरची हॉकीही तेच शिकवतात. त्यामुळे त्यांचा कोणताही सल्ला प्रतिस्पर्ध्याच्या बगलेतून घुसण्याबद्दल असतो.

"अर्जात काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर व्हायचंय."

"अरे देवा! खोड ते आधी."

"का सर?"

"अगं, समोरून दोनशे पोरी धडका देतायत. त्यांना मोजायला माणसं बसवलीत तिथे. तू मागून ये. गोलच्या मागून."

"मागे काय आहे?"

"ऑर्गन," सर म्हणाले.

सरांचा अभ्यास दांडगा. पेरिगोत एक प्रचंड ऑर्गन आहे, तीन मजले उंच नळ्यांचा. दान देणाऱ्या घराण्याने अट घातली होती, की तो दर रविवारी वाजला पाहिजे. एक रविवार जरी चुकला, तरी ऑर्गन आणि त्याच्याभोवतीचं सभागृह दोन्ही तिथल्या नदीपलीकडच्या मुलांच्या कॉलेजला जाईल. तो वाजवणारी मुलगी येत्या जूनमध्ये पदवी घेऊन जाणार होती.

"पण मला ऑर्गन कुठे येतो?"

"आजोबांचा ॲकॉर्डियन वाजवतेस ना? तोच तो. फक्त भिंतीला टेकवलेला असतो."

"सर, हे खोटं आहे."

"आज खोटं आहे. डिसेंबरपर्यंत शिकलीस की खरं होईल. आणि रसायनाच्या वर्गात बसायला कोणी अडवत नाही गं ऑर्गनवालीला. हौस म्हणून बसायचं."

बटाटे काढायला आमच्याकडे शाळा तीन आठवडे बंद असते. त्या सुट्टीत ओडील दिवसभर बटाटे निवडायची आणि संध्याकाळी चर्चमध्ये बसून ऑर्गन बडवायची. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी प्रार्थनेची मंडळी दोन ओळी मागे सरकून बसली. नाताळपर्यंत एक ओळ पुढे आली. याला प्रगती म्हणतात.

अर्जासोबत निबंध लागतो. ओडीलचा निबंध स्प्रेग सरांनी तपासला आणि त्यातून पुढील शब्द काढले: रक्त, ताप, गुरुवार, मदत, आणि ‘मला वाटतं’. तिथे सूर, श्वास, नळी आणि अनंत असे चार शब्द घातले. आता निबंधात ओडील कुठेच नव्हती, पण निबंध फार सुरेख झाला होता.

"मेमेर, चार वर्षं मनातलं बोलायचंच नाही?" तिने मला विचारलं.

"तुझे आजोबा आणि मी एकेचाळीस वर्षं बोललो नाही," मी म्हटलं. "संसार चांगला झाला."

जानेवारीत मुलाखत ठरली. पेरिगोच्या जुन्या विद्यार्थिनी ठिकठिकाणी आहेत. त्याच जवळपासच्या मुलींना भेटून अहवाल पाठवतात. आमच्या वाट्याला आलेल्या मिसेस टटल बँगोरहून तीन तास गाडी चालवत येणार होत्या. भेट रोलांडच्या हॉटेलात, मंगळवारी दुपारी.

आदल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मी गावाला बजावलं, की मंगळवारी कोणीही पोरीला डॉक्टर म्हणायचं नाही. ती ऑर्गनवाली आहे. गावाने हे काम फारच मनावर घेतलं. घोटाळा झाला तो तिथे.

मिसेस टटल साठीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, गळ्यात मोत्यांचा सर. त्या आणि ओडील खिडकीपाशी बसल्या. मी गल्ल्यासमोरच्या उंच स्टुलावर पाठ करून बसले आणि ॲपल पाय ठेवायच्या काचेच्या कपाटात त्यांचं प्रतिबिंब बघत राहिले.

"काय आणू, ऑर्गनवाली?" रोलांड ओरडली. तिने पोरीला जन्मात नावाखेरीज काही म्हटलं नव्हतं.

मिसेस टटलनी पहिला प्रश्न विचारेपर्यंत म्हाताऱ्या मिसेस सीर टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ओडील, तू आमची ऑर्गनवाली, दुसरं काही नाहीस, म्हणून एक संगीतातलं विचारते. जिना उतरताना हा गुडघा कट्कन वाजतो. सूर जरा चढा लागतो गं."

ओडीलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सुजलाय का... म्हणजे, कधीपासून वाजतोय?"

"नोव्हेंबरात सणाची टर्की कापली त्या दिवसापासून."

"मग त्याला आराम द्या. आणि, अं, संगीतात विरामाला फार महत्त्व आहे."

"बघा!" मिसेस सीर पाहुण्या बाईंना म्हणाल्या. "केवढं ज्ञान! आणि सगळं ऑर्गनचं."

त्या गेल्या तसा लाकूडगिरणीतला एक जण बाही वर करत आला आणि दंडावरचा चट्टा कोणत्या रागात बसतो, असं विचारू लागला. त्याच्यामागे आणखी दोघं रांगेत होते. मी त्यांच्याकडे डोळे वटारले. त्यांनी मला लवून नमस्कार केला.

"तुमच्या गावाला संगीताची फारच आवड दिसते," मिसेस टटल म्हणाल्या.

"हिवाळा मोठा असतो आमच्याकडे," ओडील म्हणाली.

मग मिसेस टटलनी चष्मा काढून ठेवला. "ओडील, आता सगळं बाजूला ठेव. तुला आयुष्यात नक्की काय करायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही सरांसोबत पाठ केलं होतं. त्यात ‘अनंत’ दोनदा येत होतं. काचेच्या कपाटात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि तो ॲपल पायवर पडला होता, म्हणून की काय कोण जाणे, मला तो फार लहान वाटला.

तेवढ्यात फर्नांड आला. फर्नांडने हयातभर बटाट्याचे ट्रक हाकले, आणि कोणाकडे कधी काही मागितलं नाही, याचा त्याला ताठा आहे.

"ऑर्गनवाली, माझाही एक प्रश्न होता. संगीतातलाच."

"बोला, फर्नांडकाका."

"सकाळपासून डावा हात जड झालाय. जबड्यात कळ येते. छातीवर बटाट्याचं पोतं ठेवल्यागत वाटतंय. ताल चुकतोय म्हण. गुरुवारपर्यंत थांबणारच आहे मी, पण म्हटलं, विचारून ठेवावं."

हॉटेलभर लोक हसले. इतकं चांगलं सोंग त्याला जमेल, असं कोणाला वाटलं नव्हतं.

ओडील हसली नाही. तिने उठून त्याचं मनगट धरलं, त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि म्हणाली, "हे संगीत नाही. काका, इथे बसा. नाही, बोलायचं नाही. रोलांड, फोन कर. आणि ॲस्पिरिन दे, चावून खायला."

"अगं पण पाहुण्या बाई..." रोलांड कुजबुजली.

"रोलांड! फोन!"

गावच्या रुग्णवाहिकेचा चालक म्हणजे त्याच हॉटेलातला आचारी. त्यामुळे फोन स्वयंपाकघरातच वाजला. त्याने तळणीखालचा गॅस बंद केला, अंगावरचा एप्रन काढला आणि गाडी दाराशी आणली. (या बाबतीत आमच्याइतकी तत्पर सेवा मोठ्या शहरांतही नसेल, मात्र रुग्णाने जेवणाच्या वेळेत यावं.)

फर्नांडला गाडीत चढवलं. ओडील त्याचा हात धरून सोबत निघाली. कोट खुर्चीवरच राहिला. दारात ती वळली.

"तुम्ही विचारलंत ना, मला काय करायचंय? हे करायचंय. दुसरं काहीच नाही. तो ऑर्गन मला मुळीच आवडत नाही." आणि ती गेली.

हॉटेलात इतकी शांतता झाली, की तळणीतलं तेल गार होताना ऐकू येत होतं. मी उठून मिसेस टटलच्या समोर जाऊन बसले. तीन महिने पोरगी चर्चमध्ये बोटं झिजवत बसली होती, आणि सगळं एका वाक्यात गेलं होतं.

"पोर खोटं बोलायला नवी आहे," मी म्हटलं. "वयाने येईल."

मिसेस टटलनी ॲपल पायचा तुकडा तोडला, सावकाश खाल्ला.

"मी पेरिगोत गेले, तेव्हा अर्जात डॉक्टर लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मंगळवार," त्या म्हणाल्या.

त्या आता बँगोरमध्ये घरं विकतात. चांगली विकतात. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याची चाल आणि श्वास बघून कोणाला जिना झेपणार नाही हे त्यांना कळतं, आणि त्याला त्या बैठं घर दाखवतात. एवढं सांगून त्यांनी ओडीलच्या कोटाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि बर्फ वाढायच्या आत निघाल्या.

फर्नांडला खरोखरच हृदयाचा झटका होता. इस्पितळातल्या डॉक्टरांचं मत पडलं, की हा गृहस्थ गुरुवारपर्यंत थांबला असता तर त्याला गुरुवारची गरज उरली नसती. आता त्याच्या रक्तवाहिनीत एक बारीक जाळी बसवली आहे आणि तो भेटेल त्याला सांगतो, "मला ऑर्गनवालीने वाचवलं." त्याला अजून कोणी ‘आता डॉक्टर म्हटलं तरी चालेल’ असं कळवलेलं नाही.

मार्चअखेर पेरिगोचं उत्तर आलं: प्रवेश मंजूर, ऑर्गनवादनासाठी. मिसेस टटलनी अहवालात काय लिहिलं ते स्प्रेग सरांनी कुठून तरी काढलं. "अर्जदार मुलाखत अर्धवट टाकून, कोटही न घेता, कडाक्याच्या थंडीत निघून गेली. स्वतःच्या वाद्याविषयी इतका तीव्र तिटकारा मी फक्त अस्सल कलावंतांमध्ये पाहिला आहे. या जागेसाठी दुसऱ्या कोणाचाही विचार होऊ नये."

ओडील दोन दिवस चर्चच्या ऑर्गनला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी खरं सांगितलं आणि त्यांनी त्याचंही खोटं केलं. मी जाणार नाही."

"तू खरं सांगितलंस, तुझं काम झालं," मी म्हटलं. "आता ते त्या टटलबाईंचं खोटं आहे. दुसऱ्याची वस्तू फेकून द्यायला तू कोण?"

ती गेली. आता दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी ऑर्गन वाजतो. सभागृह मुलांच्या कॉलेजकडे गेलेलं नाही, जरी ऐकायला बसणाऱ्यांपैकी काहींनी तशी इच्छा खासगीत बोलून दाखवली आहे. मागच्या महिन्यात रसायनाचा तो मंगळवार येऊन गेला. ओडील थोडी घसरली होती. वर्गातल्या बऱ्याच मुलींना त्या दिवशी आपापला खरा ओढा सापडला. मऊ आवाजाच्या बाईंनी एकेकीला बोलावून रुमाल दिला. ओडीलला कोणी बोलावलं नाही, कारण कागदोपत्री तिचा ओढा आधीच सापडलेला होता. ती पुढच्या परीक्षेला बसली आणि वर आली. वर्गात टिकलेल्या इतर मुली कोण, असं मी फोनवर विचारलं. एक तिरंदाज आहे, एक मधमाश्या पाळणारी, दोघी लॅटिनवाल्या आणि एक होडी वल्हवणारी. हौस म्हणून बसतात सगळ्या. चौथ्या वर्षी त्या डॉक्टर व्हायचं जाहीर करतील आणि कॉलेज त्यांना आनंदाने टक्केवारीत घेईल.

हे वाचून तुम्हाला चीड आली असेल, आणि यायलाच हवी. आमच्या गावातही सगळ्यांना आली. रोलांडला आली, फादरना आली, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना तर इतकी आली की त्यांना खुर्ची द्यावी लागली. कॉलेजला, सरांना आणि मला मनसोक्त नावं ठेवून झाल्यावर त्यांतल्या प्रत्येकाने मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, जे तुम्हीही आता विचारणार आहात: पेरिगोत सध्या दुसरं काय रिकामं आहे?

मला माहीत आहे. पण ओडीलची धाकटी बहीण यंदा नववीत गेली आहे. तेव्हा तुमच्या मुलीने अर्जात जे खरं असेल तेच लिहावं, असा माझा मनापासून सल्ला आहे.